एल-०२चे प्रकरण: निरोगी यकृताच्या रकान्यात हेला

एका बाजूला हेपजी२, दुसऱ्या बाजूला एल-०२. यकृताच्या कर्करोगावरच्या शेकडो शोधनिबंधांत ही जोडी भेटते. हेपजी२ ही कर्करोगाची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवली जाणारी पेशींची मालिका; एल-०२ ही 'निरोगी मानवी यकृतपेशी'. दोन्हींतून आरएनए काढायचा, कोणते जनुक कुठे किती चालते ते मोजायचे, आणि जो फरक दिसेल तो कर्करोगाच्या खात्यावर मांडायचा. मांडणी सोपी आणि स्वस्त. ऊतीचे नमुने, रुग्णांची संमती, शस्त्रक्रियेच्या वेळा यांची कटकट नाही. काही फ्लास्क आणि एक इन्क्युबेटर पुरतो.

एल-०२ यकृतातून आलेली नाही. ती हेला आहे: १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींची संतती. डीएनएच्या ओळखचाचणीत हे स्पष्ट झाले आहे आणि चुकीच्या ओळखीच्या सेल लाइन्सची जी आंतरराष्ट्रीय यादी आयसीएलएसी ही समिती ठेवते, तिच्यात एल-०२ची नोंद आहे. म्हणजे त्या निबंधांत निरोगी यकृत कुठे नव्हतेच. दोन वेगळ्या माणसांच्या, दोन वेगळ्या अवयवांच्या कर्करोगांची तुलना झाली होती.

एवढेच सांगायचे असते तर दोन ओळी पुरल्या असत्या. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणाने. डीएनएची चाचणी करायलाच हवी होती हे खरे, पण ती न करताही घोटाळा दिसत होता. ज्या जनुक अभिव्यक्तीच्या, म्हणजे कोणते जनुक किती चालते याच्या, तक्त्यावर निबंध उभे होते, त्याच तक्त्यात तो होता. तिथे कोणी पाहिले नाही, कारण अशा कामात सगळे लक्ष फरकाकडे असते. 'किती पट' हा आकडा काढला की त्याच्यामागचे दोन मूळ आकडे विरून जातात, आणि त्यांतला एक आकडा यकृतात असूच शकत नाही हे ध्यानात येत नाही.

दोन्ही लाइन्सचे कूळ

हेपजी२ अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीतून आली. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये ती उभी राहिली. बार्बरा नोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की हेपजी२ आणि हेप३बी या लाइन्स बशीत वाढतानाही रक्तद्रवातली प्रमुख प्रथिने बनवून बाहेर सोडतात. अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, फायब्रिनोजेन, सगळे. यकृताचा स्वभाव इतका टिकवून ठेवणारी आणि तरीही वर्षानुवर्षे वाढवता येणारी पेशी मिळाल्यावर ती जगभर पसरली यात नवल नाही. तिची गुणसूत्रे ४६ नाहीत, ५० ते ६० आहेत. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारे पी५३ हे प्रथिन मात्र धडधाकट आहे.

एल-०२, दुसरे नाव एचएल-७७०२, चीनमधली. तिथल्या प्रयोगशाळांत आणि तिथून सेल लाइन मागवणाऱ्यांकडे ती सामान्य यकृतपेशी म्हणून चालत राहिली. तिच्याबद्दल पहिली शंका कुठलाही आरएनए न काढता यायला हवी होती. प्रौढ माणसाची यकृतपेशी बशीत लावली तर ती जवळजवळ दुभंगतच नाही, आणि काही दिवसांत आपली कामे विसरू लागते. बशीत अखंड वाढणारी निरोगी यकृतपेशी हवी असेल तर तिच्यात बाहेरून काहीतरी घालावे लागते. उदाहरणार्थ टीएचएलई-२ या लाइनमध्ये एसव्ही४० विषाणूचा टी-अँटिजेन, म्हणजे पेशीच्या वाढीचे लगाम सोडवणारे प्रथिन, घातलेला आहे. एल-०२मध्ये असे काही घातल्याचे कोणी म्हणत नव्हते, आणि तरी ती पॅसेजमागून पॅसेज, म्हणजे एका बशीतून पुढच्या बशीत, वाढत होती. निरोगी पेशी असे करत नाही.

तक्ता वाचताना

इथे मी कोणा एका निबंधाचा तक्ता पुढे ठेवत नाही. त्याची गरजही नाही. हेपजी२ आणि हेला यांचे आरएनए-सेक, म्हणजे पेशीतला सगळा आरएनए वाचून मोजणे, इतक्या वेळा झाले आहे, की दोन्हींत काय चालते आणि काय नाही हे उघड माहितीत पडून आहे. मानवी जीनोमचे कोणते भाग काय काम करतात हे शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने दोन्ही लाइन्स घेतल्या होत्या, आणि ह्यूमन प्रोटीन ॲटलस या खुल्या संकेतस्थळावर दोन्हींचे आकडे कोणालाही बघता येतात. एल-०२ म्हणजे हेला हे एकदा लक्षात घेतले की तक्ता कसा निघणार ते ओळीओळीने सांगता येते.

पहिली ओळ अल्ब्युमिनची. प्रौढ माणसाचे यकृत रोज साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवते. यकृताच्या आरएनएत हे जनुक अगदी वरच्या जागी असते. हेपजी२मध्येही ते जोरात चालते. हेलामध्ये ते जवळपास शून्य. त्यामुळे 'कर्करोग भागिले निरोगी' असा भागाकार केला की अल्ब्युमिन कर्करोगात हजारो पट वाढल्याचे उत्तर येते. दवाखान्यातला अनुभव उलटा आहे: यकृताची गाठ जितकी बिघडलेली, तितके तिच्यातले अल्ब्युमिन कमी. पण मुख्य गोष्ट फरकाची दिशासुद्धा नाही. मुख्य गोष्ट उजव्या रकान्यातले ते शून्य. अल्ब्युमिन नसलेले निरोगी यकृत म्हणजे रस नसलेले गुऱ्हाळ.

हीच गत ट्रान्सथायरेटिनची, एपोलायपोप्रोटीन ए१ आणि बीची, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची, फायब्रिनोजेनच्या तिन्ही साखळ्यांची. आणि या सगळ्यांच्या वर बसलेल्या एचएनएफ४एची. हे नियंत्रक प्रथिन यकृताची शेकडो जनुके चालू ठेवते. उंदराच्या प्रौढ यकृतातून ते काढून टाकले तर यकृताचा कारभार कोलमडतो. ते एल-०२मध्ये नाही. एखादे जनुक शून्यावर आले तर मोजणीची चूक म्हणता येते. यकृताचा सगळा संच एकदम शून्यावर येतो तेव्हा पेशी यकृताची नाही, दुसरे काही संभवत नाही.

प्रत्यक्षात काय होते? फरक असलेल्या जनुकांची यादी सॉफ्टवेअरला दिली जाते आणि ते मार्गांची नावे परत देते. हेपजी२ आणि हेला यांच्या यादीतून वर येतात 'पूरक प्रथिने आणि रक्त गोठणे', 'सायटोक्रोम पी४५०द्वारा औषधांचा चयापचय', 'पित्ताम्ल' अशी नावे. ही तर यकृताचीच कामे! यकृतावरच्या निबंधात यकृताचे शब्द आले म्हणून वाचणाऱ्याला बरे वाटते. खरे तर अशी यादी 'यकृत विरुद्ध यकृत नसलेले काहीही' अशा कोणत्याही तुलनेतून येते. यकृत आणि त्वचा घ्या, यकृत आणि फुप्फुस घ्या, हीच नावे येतील.

आता लिंगाची जनुके. ही ओळ मला सर्वांत बोलकी वाटते आणि ती जवळजवळ कोणीच पाहत नाही. हेपजी२ मुलाची, म्हणून तिच्यात वाय गुणसूत्रावरची आरपीएस४वाय१, डीडीएक्स३वाय ही जनुके चालू आहेत. एल-०२मध्ये ती नाहीत. ठीक, बाईची पेशी असेल. पण बाईच्या निरोगी पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त असते आणि त्याला निजवणारा एक्सिस्ट हा आरएनए भरपूर असतो. एल-०२मध्ये एक्सिस्टही नाही. म्हणजे एकतर पुरुषाच्या पेशीने वाय गमावला आहे, नाहीतर बाईच्या पेशीने निद्रिस्त एक्स गमावला आहे. हेलाने एक्स गमावलेला आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी 'सामान्य' हे विशेषण तिथेच गळून पडते, आणि त्यासाठी फक्त तीन ओळी पाहाव्या लागतात.

पी१६ या पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाची ओळ फसवी. हेलामध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८व्या प्रकाराचा डीएनए शिरलेला आहे. त्याचे ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी या प्रथिनाला निकामी करते, आणि त्याच्या परिणामी पी१६ खूप वाढते. इतके, की गर्भाशयमुखाच्या नमुन्यात विषाणूजन्य बदल ओळखायला पॅथॉलॉजिस्ट पी१६लाच रंग देऊन पाहतात. निरोगी यकृतात मात्र पी१६ अगदी थोडे. आता हेपजी२ची एल-०२शी तुलना केली तर 'यकृताच्या कर्करोगात पी१६ दडपलेले आहे' असा निष्कर्ष निघू शकतो. यकृताच्या अनेक गाठींत पी१६ खरोखरच दडपलेले असते, त्यामुळे निष्कर्ष पाठ्यपुस्तकाशी जुळतो आणि कोणी हरकत घेत नाही. पण इथे तो आला आहे गर्भाशयमुखाच्या विषाणूमुळे.

पी५३चेही तसेच. ई६ हे विषाणूचे दुसरे प्रथिन पेशीतल्या पी५३ला तोडायला लावते. हेपजी२मधले पी५३ शाबूत आहे. म्हणून पी५३च्या आज्ञेत चालणारी पी२१सारखी जनुके तक्त्यात कर्करोगाच्या बाजूला जास्त आणि 'निरोगी' बाजूला कमी दिसू शकतात. मग चर्चेच्या भागात त्यावर एक परिच्छेद खर्ची पडतो. पेशीच्या वाढीला जोर देणाऱ्या एमवायसी या जनुकाबद्दल तर बोलायलाच नको: हेलामधला विषाणूचा डीएनए आठव्या गुणसूत्रावर एमवायसीच्या परिसरात बसला आहे आणि त्या जनुकाला चढवून ठेवतो. असा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा आधार, घेऊन एमवायसीबद्दल काही सिद्ध करणे अशक्य.

मग इतकी वर्षे चालले कसे

कारण बऱ्याच ठिकाणी उत्तर बरोबर येत होते. अल्फा-फीटोप्रोटीन आणि ग्लिपिकन-३ ही दोन्ही गर्भाच्या यकृतात चालणारी, प्रौढ यकृतात विझणारी आणि कर्करोगात पुन्हा पेटणारी जनुके. हेपजी२मध्ये ती भरपूर. प्रौढ निरोगी यकृतात नगण्य. हेलामध्येही नगण्य, कारण ती यकृताचीच नाही. भागाकार तोच येतो! खुणेची दोन जनुके अपेक्षेप्रमाणे वागली की प्रयोगकर्ता निर्धास्त होतो आणि पुढचे सगळे खरे मानतो. चुकीच्या कंट्रोलने अधूनमधून बरोबर उत्तर दिले नसते तर तो फार आधी पकडला गेला असता.

यकृतात चरबी साठण्याच्या प्रयोगांतही असेच झाले. एल-०२ला ओलेइक आम्ल पाजले की तिच्यात तेलाचे थेंब साठतात, ऑइल रेड ओ या रंगाने ते लाल दिसतात, आणि 'फॅटी लिव्हरचे प्रारूप' तयार होते. जास्तीचे मेदाम्ल मिळाले तर थेंब करून ठेवणे हे बहुतेक सगळ्याच पेशी करतात. यकृताचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे: ती चरबी एपोलायपोप्रोटीन बीवर चढवून रक्तात पाठवणे. हेलाकडे ती गाडीच नाही. म्हणून अशा प्रारूपात चरबी कमी झाली किंवा वाढली, तर तिचा यकृताशी संबंध जोडताना फार जपावे लागते.

औषधांच्या विषारीपणाचे प्रकरण याहून गंभीर. पॅरासिटामॉल स्वतः यकृत जाळत नाही. सीवायपी२ई१ हे विकर त्याचे जे रूप बनवते ते जाळते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले आणि मक्यातले अफ्लाटॉक्सिनही विकरांनी सक्रिय केल्यावरच डीएनएला चिकटते. ही विकरे हेपजी२मध्येच तुटपुंजी आहेत, हेलात तर विचारू नका. तेव्हा 'सामान्य यकृतपेशींना या रसायनाचा त्रास झाला नाही' या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की विष तयार करणारे विकरच तिथे नव्हते. आणि 'हे रसायन कर्करोगाच्या पेशी मारते पण निरोगी यकृताला सोडते' हा दावा तर मुळातच कोसळतो: सोडलेली पेशीही कर्करोगाचीच होती.

इथे आपल्याकडचा संबंध येतो. भारतात एल-०२ फारशी दिसत नाही, पण वनौषधींच्या अर्कांवरच्या निबंधांत 'सामान्य यकृतपेशी' म्हणून चँग लिव्हर आणि डब्ल्यूआरएल-६८ या लाइन्स आढळतात. दोन्हीही हेलाच निघाल्या आहेत. चँग लिव्हर १९५४ची. आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६० च्या दशकात अनेक लाइन्समध्ये जी६पीडी या विकराचा एक विशिष्ट प्रकार पाहिला, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळतो, आणि त्यावरून त्या सगळ्या हेला असल्याचे सांगितले. हेन्रिएटा लॅक्स कृष्णवर्णीय होत्या; त्या लाइन्सचे बहुतेक मानलेले दाते नव्हते. म्हणजे चँग लिव्हरवरचा संशय पन्नास वर्षांहून जुना आहे. तरीही भुईआवळा असो की गुळवेल, अर्क तयार झाला की 'यकृतरक्षक गुण' तपासायला हीच पेशी फ्रीझरमधून बाहेर येते. यात त्या वनस्पतींचा काही दोष नाही. त्यांच्यात गुण असेलही. या प्रयोगातून तो कळणार नाही, इतकेच.

पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, भांडारातून देशभरातल्या प्रयोगशाळा सेल लाइन मागवतात. पण एक कुपी आली की तिच्यापासून शेजारच्या विभागाला, तिथून ओळखीच्या कॉलेजला, असा प्रवास सुरू होतो. कागद पहिल्या कुपीबरोबर राहतो, पेशी पुढे जातात. प्रत्येक मुक्कामी त्याच हूडखाली, म्हणजे निर्जंतुक कपाटात, हेलाही हाताळली जात असते, आणि ती साधारण दिवसाला दुप्पट होते. हेपजी२ला दुपटीला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. सावकाश वाढणाऱ्या लाइनच्या बाटलीत हेलाचा एक थेंब पडला, की काही आठवड्यांत बाटली हेलाची होते. लेबल मात्र जुनेच राहते.

पुरावा

ओळख पटवायची रूढ चाचणी एसटीआर. डीएनएत काही ठिकाणी लहान तुकडे पुन:पुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात हे माणसामाणसांत वेगळे असते. मूळ मानकात अशा आठ जागा आणि लिंग सांगणारे अमेलोजेनिन हे जनुक. ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळले तर दोन्ही नमुने एकाच माणसाचे. हेलाची सही डी१३एस३१७ या जागी आहे: १२ आणि १३.३. हा १३.३ विरळा आहे, तो दिसला की अनुभवी माणूस पुढचे न वाचताच मान हलवतो. हेपजी२ला तिथे ९ आणि १३ येतात. गंमत म्हणजे डी५एस८१८ या जागी दोन्हींत ११ आणि १२ आहेत. एकाच जागेवर भरवसा ठेवणारा तिथे फसेल.

ज्यांच्याकडे आरएनए-सेकच्या फाइल आधीच आहेत त्यांना ही चाचणीही लागत नाही. विषाणूच्या १८व्या प्रकाराचा जीनोम ७,८५७ अक्षरांचा. मानवी संदर्भ जीनोमला तो जोडून रीड, म्हणजे आरएनएचे वाचलेले तुकडे, पुन्हा जुळवले, की हेला असेल तिथे ई६ आणि ई७ वर रीडचा ढीग लागतो आणि जीनोमचा मधला पट्टा रिकामा राहतो. तो भाग हेलामध्ये शिरतानाच गळाला आहे. मोजके रीड दिसले तर मात्र घाई करू नये. अमेरिकेच्या टीसीजीए या मोठ्या कर्करोग प्रकल्पातही गर्भाशयमुखाशी संबंध नसलेल्या काही गाठींत हेलाचे असे थोडे रीड सापडले होते. ते प्रयोगशाळेतल्या सांडलवंडीचे होते. थेंब आणि ढीग यांत फरक करावा लागतो.

एक आक्षेप हमखास येतो: 'पण आमची एल-०२ हेलासारखी दिसत नाही, तिचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत.' जुळणार नाहीतच. २०१९ मध्ये १३ प्रयोगशाळांतून हेलाचे १४ नमुने गोळा करून मोजले गेले, तेव्हा हेला म्हणवणाऱ्या पेशींतच आपापसांत भरपूर फरक निघाला: गुणसूत्रांच्या प्रतींत, आरएनएत, प्रथिनांत. अर्ध्या शतकाहून अधिक काळ निरनिराळ्या माध्यमांत, म्हणजे पोषक द्रवांत, वाढलेल्या शाखा त्या. वेगळे दिसणे हा हेला नसल्याचा पुरावा होत नाही.

प्रसार किती? चीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या २७८ लाइन्सची २०१७ मध्ये तपासणी झाली, त्यात १२८ चुकीच्या निघाल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका पाहणीने जगभरात चुकीच्या ओळखीच्या पेशींवर आधारलेले ३२,७५५ निबंध मोजले. यकृताच्या क्षेत्रात एल-०२ एकटी नाही. कर्करोगाच्या म्हणून चालणाऱ्या बीईएल-७४०२ आणि एसएमएमसी-७७२१ याही हेला. म्हणजे असेही निबंध असणार, ज्यांत एसएमएमसी-७७२१ हा कर्करोग, एल-०२ हे निरोगी यकृत, आणि फरक मोजला गेला हेला आणि हेला यांच्यातला. त्यातूनही फरक असलेली जनुके निघतात. माध्यम वेगळे, पॅसेज वेगळा, दिवस वेगळा, एवढे त्याला पुरते.

ओळख बरोबर, पण पेशी कोणती?

एसटीआर सगळे सोडवते असे वाटू नये म्हणून एसके-हेप-१ आठवावी. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या जलोदरातून १९७१ मध्ये ती निघाली. तिची ओळख पक्की आहे, एसटीआर जुळते. पण तिच्यातही अल्ब्युमिन नाही, आणि १९९२ मध्ये दाखवले गेले की ती रक्तवाहिनीच्या अस्तराच्या जातीची पेशी आहे. माणूस बरोबर, अवयवही म्हणाल तर बरोबर, पेशी चुकीची. हे एसटीआर कधीच सांगणार नाही. अभिव्यक्तीचा तक्ता पहिल्या ओळीत सांगतो. तरी यकृताच्या कर्करोगाच्या पाच लाइन्सची सरासरी काढताना ती आजही त्यांत घुसवली जाते, आणि मग 'काही लाइन्समध्ये यकृताचा स्वभाव हरवतो' असा शोध लागतो.

हेपजी२ही यातून सुटत नाही. दीर्घकाळ ती प्रौढांच्या यकृत कर्करोगाची, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, प्रतिनिधी मानली गेली. २००९ मध्ये मूळ गाठीचा पुन्हा अभ्यास झाला आणि ती हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे प्रामुख्याने लहान मुलांना होणारी गाठ, ठरली. बीटा-कॅटेनिनचा गळालेला तुकडा त्याच्याशी जुळतो. म्हणजे आपल्या जोडीत कंट्रोल गर्भाशयमुखाचा होताच, आणि कर्करोगाची बाजूही ज्या रोगासाठी उभी केली त्या रोगाची नव्हती.

तुलना नव्याने मांडायची तर

कंट्रोल बदलून काम संपत नाही, कारण निर्दोष कंट्रोल अस्तित्वातच नाही. दात्याच्या यकृतातून ताज्या काढलेल्या पेशी सर्वांत खऱ्या, पण बशीत लावल्यापासून दोन-तीन दिवसांत त्यांची सायटोक्रोम विकरे घसरतात. आरएनए कोणत्या तासाला काढला हे लिहिले नसेल तर आकडा निरुपयोगी. टीएचएलई-२मध्ये टी-अँटिजेन पी५३ आणि आरबी या दोघांनाही बांधून ठेवतो, तेव्हा त्या मार्गांबद्दल तिला काही विचारू नये. हेपाआरजी ही फ्रान्समधली लाइन, २००२ मध्ये जाहीर झालेली. दोन आठवडे वाढवून पुढे दोन आठवडे २ टक्के डीएमएसओ या द्रावकात ठेवली की तिच्यातल्या काही पेशी यकृतपेशीसारख्या होतात, काही पित्तनलिकेच्या अस्तरासारख्या. औषधांच्या विकरांबाबत ती ताज्या पेशींच्या बरीच जवळ जाते, २०१० च्या सुमारासच्या तुलनांत हेपजी२ तिच्या खूप मागे पडलेली दिसते. पण तीही गाठीतूनच आलेली आहे. आणि अख्खी ऊती घेतली, तर तिच्यात कुफर पेशी (यकृतातल्या भक्षक पेशी), रक्तवाहिन्या, ताऱ्यासारख्या पेशी असे सगळेच येते. टीसीजीएच्या यकृत कर्करोग संचात गाठीशेजारची ५० 'निरोगी' ऊती आहेत, त्यांत हेपॅटायटिसने किंवा दारूने जर्जर झालेली यकृतेही आहेत.

माझा कल असा: ताज्या पेशी आणि हेपाआरजी असे दोन्ही कंट्रोल घ्यावेत, आणि जो फरक दोन्हींशी टिकतो तोच बोलावा. यादी एकदम आखूड होते. होऊ द्यावी.

आकडेमोडीत एक खड्डा यकृताचा खास आहे. आरएनए-सेकमध्ये आपण प्रती मोजत नाही, वाटा मोजतो. समजा एका जनुकाच्या दोन्ही पेशींत १००-१०० प्रती आहेत. पहिलीत एकूण १ लाख आरएनए रेणू. दुसरीतही तेच १ लाख, पण वर अल्ब्युमिन आणि त्याच्या भावंडांचे आणखी १ लाख. दर दहा लाखांमागे पहिलीत जनुक १,००० दिसेल, दुसरीत ५००. काहीही बदलले नसताना निम्मे! यकृताची ऊती आणि हेलासारखी पेशी शेजारी ठेवली तर असे हजारो जनुकांना होते. टीपीएमचे, म्हणजे दर दहा लाखांमागचे, आकडे थेट भागू नयेत ते यासाठी. प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या पद्धती बहुतेक जनुके बदललेली नाहीत असे गृहीत धरून ही त्रुटी भरून काढतात, पण दोन पेशी इतक्या परक्या असतील तर ते गृहीतकच डळमळते.

माध्यमाकडेही बघावे. हेपजी२ अनेकदा डीएमईएममध्ये वाढते, त्यात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज. एल-०२साठी आरपीएमआय-१६४० रूढ, त्यात २ ग्रॅम. टीएक्सएनआयपी हे जनुक ग्लुकोजबरोबर वरखाली होते, कर्करोगाशी त्याचा त्या क्षणी काही संबंध नसतो. क्यूपीसीआरने एकेका जनुकाचा आरएनए मोजणाऱ्यांनी जीएपीडीएचला आधार धरण्याआधी थांबावे: ते ग्लुकोज जाळण्याच्या साखळीतले विकर आहे आणि यकृत व कर्करोगाची पेशी हीच साखळी सर्वांत वेगळी चालवतात.

आणि प्लेटमधल्या तीन विहिरी (पेशी वाढवायचे खळगे) म्हणजे तीन नमुने नव्हेत. एकाच फ्लास्कमधून तीन विहिरी भरल्या तर पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, हवे तितके लहान येते, कारण विहिरींत फरकच नसतो. हेपजी२ एका मुलाची आहे. तिच्या कितीही विहिरी भरल्या तरी रुग्ण एकच. ह्यू-७ ओकायामातल्या कामातून आलेली आणि ५७ वर्षांच्या जपानी पुरुषाची, हेप३बी आठ वर्षांच्या मुलाची आणि पी५३ गमावलेली, पीएलसी/पीआरएफ/५ आफ्रिकेतून आलेली आणि हेपॅटायटिस बीचा डीएनए बाळगणारी. अशा निरनिराळ्या माणसांच्या लाइन्समध्ये जो कल दिसतो, त्याला कर्करोगाचा कल म्हणण्याचा थोडा तरी अधिकार मिळतो.

जुन्या माहितीचे काय

सगळे फेकून द्यावे लागत नाही. एकाच लाइनमध्ये एखादे जनुक बंद करून आधी-नंतर पाहिले असेल, तर हेपजी२मधला तो निष्कर्ष हेपजी२पुरता उभा आहे; शेजारच्या एल-०२च्या स्तंभावर काट मारावी आणि निबंध पुन्हा वाचावा. एल-०२मधले निष्कर्षही हेलाबद्दलचे निष्कर्ष म्हणून वाचता येतात. कोसळते ते फक्त 'निरोगी यकृताच्या तुलनेत' असे म्हणणारे वाक्य, आणि दुर्दैवाने सारांशात बहुधा तेच असते.

खरी अडचण सार्वजनिक संग्रहांत पडून असलेल्या फाइलींची आहे. तिथे नमुन्याच्या वर्णनात 'सामान्य यकृतपेशी' असे लिहिलेले राहते, निबंधावर नंतर कितीही टीका झाली तरी. आज शेकडो संच एकत्र करून त्यांवर संगणकाची प्रारूपे शिकवली जातात आणि कोणता नमुना निरोगी, कोणता रोगी हे त्या वर्णनावरूनच ठरते. असे संच उतरवून घेणाऱ्याने लेबल वाचण्याआधी प्रत्येक 'निरोगी यकृत' नमुन्यात चार ओळी पाहाव्यात: अल्ब्युमिन, एचएनएफ४ए, एक्सिस्ट, आरपीएस४वाय१. पहिल्या दोन शून्य असतील तर नमुना बाहेर. नंतरच्या दोन्ही शून्य असतील, तर विषाणूच्या १८व्या प्रकाराचा जीनोम संदर्भाला जोडून रीड पुन्हा जुळवावेत. साध्या संगणकावरही ते रात्रभरात होते.